वही मिटायची तयारी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात रंकाळ्यावर एक भेळवाल्या मावशी आणि स्केचबुक घेऊन बसलेला एक मुलगा यांची चांगलीच जुंपली. "न विचारता माझं चित्र का काढलंस?" हा मावशींचा सवाल, तर "ही काय तुमच्या घरची जागा आहे का?" हे त्याचं उत्तर. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. मुलाची बाजू घ्यायला पुढे झालो आणि गप्प बसलो.

आम्ही एटीडीला (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला) असताना सर रोज पंचवीस स्केचेस मागायचे. एवढी माणसं आणायची कुठून? मग एसटी स्टँड, कपिलतीर्थ मंडई, पंचगंगेचा घाट. आधी विचारलं की माणूस ताठ बसतो, बाई पदर सावरते. हनुवटीला हात लावून गाडीची वाट बघणारी जी बाई आपल्याला हवी असते, ती तिथं उरतच नाही. म्हणून 'आधी विचारा' असं मी मुलांना कधी शिकवलं नाही. 'विचारलं तर वही दाखवा, नको म्हणाले तर मिटा' एवढंच सांगितलं. झोपलेलं माणूस आणि दवाखान्यातला बाक मात्र वर्ज्य.

एकदा स्टँडवर एका म्हातारीनं मला पकडलं. "काय लिवतायसा माझं?" वही पुढे केली. चेहऱ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. बोट ठेवलं ते पायावर. चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता आणि तो मी मोठ्या हौसेनं काढला होता. "ह्ये कशाला दावायचं?" पेनचं काम, खोडणार कसं? पान फाडून तिलाच दिलं. तिनं घडी घालून चंचीत ठेवलं.

त्या मुलाच्या बाबतीत मी गप्प बसलो ते मोबाइलमुळे. चित्र किती हुबेहूब जमलंय ते दाखवायला त्यानं वही मावशींच्या शेजारी धरून व्हिडिओ घेतला होता. मग हे स्केच कसलं? कागदाआडून केलेलं शूटिंगच ते. पुढे व्यंगचित्रकार म्हणून गाजलेल्या मारिओ मिरांडांनी विशीत असताना, १९४९ ते १९५१ या वर्षांत, गोव्यातल्या आपल्या लोटली गावातली माणसं आपल्या रोजनिशीत रेखाटली. ती पानं पुस्तकरूपानं लोकांपुढे यायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. आजचं पान संध्याकाळच्या आत गावभर होतं, खाली लोकांचे शेरे पडतात आणि ज्यांचं चित्र त्यांना त्याचा पत्ताही नसतो. कागदावर काढायला परवानगी लागत नाही असं मी आजही म्हणेन. नेटवर टाकायला मात्र लागते, आणि व्हिडिओला तर आधीच.

मावशींना ते पान अजून मिळालेलं नाही. त्या मुलानं हे पत्र वाचलंच, तर रविवारी संध्याकाळी त्या तिथंच असतात.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर