अल्हाम्ब्राचे पाणी

महोदय,

स्पेनमधील ग्रनाडाच्या अल्हाम्ब्रा या राजवाडे असलेल्या किल्ल्यावरील लेख आवडला, पण त्यात तिथल्या पाण्याविषयी एक ओळही नाही याची खंत वाटली. १२३८ मध्ये ग्रनाडावर राज्य करणाऱ्या नासरी या मुस्लिम घराण्याच्या पहिल्या मुहम्मदाने सबिका टेकडीवर बांधकाम काढले, तेव्हा वर पाणी नव्हते. दारो नदीला वरच्या अंगाला बांध घालून सुमारे ६ किलोमीटरचा पाट उतार राखत टेकडीवर आणला गेला. त्याशिवाय तो किल्ला वसलाच नसता!

सिंहांच्या चौकातले कारंजे याच पाण्यावर चाले. पाचव्या मुहम्मदाने चौदाव्या शतकात बांधलेल्या या चौकात १२४ सडपातळ खांब आणि १२ संगमरवरी सिंह आहेत. सिंहांवरच्या कुंडाच्या काठावर दरबारी कवी इब्न झमरकची कविता कोरली आहे: वाहते ते पाणी की संगमरवर, हेच कळू नये. बाहेरून मात्र किल्ल्याला चुना-माती ठोकून उभारलेल्या तांबूस भिंती. नावाचा अर्थही ‘लाल’. १४९२ मध्ये किल्ला फर्डिनांड व इसाबेला या कॅथलिक राजाराणीच्या हाती गेला, तरी पाट वाहत राहिला. दुर्गांवर लिहिणाऱ्यांनी तटाआधी पाणी पाहावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा