हवामानाच्या साप्ताहिक अंदाजात एक आकडा नको, पल्ला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात दर रविवारी येत्या सात दिवसांचा विभागवार हवामान अंदाज प्रसिद्ध होतो आणि हिवाळ्यात तरी मी तो मुख्य बातम्यांच्या आधी वाचतो. सोमवारच्या पहाटेचे किमान तापमान आणि पुढच्या रविवारच्या पहाटेचे किमान तापमान हे दोन्ही आकडे त्यात सारख्याच ठसठशीत टंकात छापलेले असतात. वास्तविक त्यांचा भरवसा सारखा नसतो. अंदाज तयार करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते, वाचकापर्यंत मात्र ते पोहोचत नाही.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ साली संगणकावरील एक गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला आणि तेवढ्या फरकाने पुढचे सारे काल्पनिक हवामान वेगळ्याच वाटेने गेले. या अनुभवाचा धडा घेऊन १९९२ पासून युरोप आणि अमेरिकेतील प्रमुख केंद्रे एकच अंदाज न काढता, सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून अनेक अंदाज एकाच वेळी काढू लागली. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात असे ५१ अंदाज काढले जातात. ते एकमेकांच्या जवळ राहिले तर भरवसा अधिक, फाकले तर कमी. छापताना मात्र यातला एखादाच आकडा, बहुधा सरासरी, उरतो, आणि ही सरासरी कधी कधी चांगलीच फसवी असते. समजा, निम्मे अंदाज आकाश निरभ्र राहून पारा ६ अंशांवर येईल असे सांगतात आणि उरलेले निम्मे ढग येऊन तो १४ अंशांवर थांबेल असे सांगतात. तर सरासरी १० अंश निघते, म्हणजे जे घडण्याची शक्यता सर्वांत कमी, नेमके तेच छापून येते.

हिवाळ्यात ही अडचण अधिक बोचते, कारण लांबलेल्या रात्रीत जमीन आपली उष्णता सतत आकाशाकडे सोडत असते आणि पहाटेचा गारठा किती पडेल हे ढग, वारा आणि हवेतील बाष्प या तिघांवर ठरते. ढगांचा थर गोधडीसारखा वागतो; तो मध्यरात्री आला की पहाटे आला, एवढ्याने किमान तापमानात काही अंशांचा फरक पडतो. वारा पडला की थंड, जड हवा उतारावरून घरंगळत सखल भागात साचते, त्यामुळे टेकडीच्या माथ्यापेक्षा पायथ्याला कडाका जास्त असतो. अशा वेळी ‘विभागाचे किमान तापमान’ म्हणून दिलेला एक आकडा त्या विभागातल्या नेमक्या कोणत्या जागेचा, हा प्रश्न उरतोच. त्यात हे तापमान जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेले असते. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून बरीच अधिक थंडी असू शकते; म्हणूनच छापील आकडा ३ अंश असतानाही पिकाच्या पानांवरचे दहिवर गोठलेले दिसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढा खुलासा करणारी एक ओळ त्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

जिथे बर्फ पडतो त्या प्रदेशांसाठी तर एकेक अंश निर्णायक ठरतो. वरच्या हवेत शून्याहून उष्ण थर असेल तर हिमकण वितळतात आणि खालच्या गोठलेल्या जमिनीवर पडताच त्या पावसाचा बर्फ होतो. थर नसेल तर सरळ हिमवृष्टी होते. सहा दिवस आधी यातले एकच भाकीत ठामपणे छापणे धाडसाचेच म्हणायला हवे.

माझी सूचना अशी की, पहिल्या तीन दिवसांसाठी आकडा द्यावा, चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत ‘७ ते १२ अंश’ असा पल्ला द्यावा आणि तो रुंद असेल तर त्याचे कारण एका वाक्यात सांगावे. सोबत त्या ठिकाणची त्या दिवसांतली अनेक वर्षांची सरासरीही असावी, कारण नुसत्या आकड्यावरून थंडीची तीव्रता कळत नाही. भारतीय हवामान विभागदेखील मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असून सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घटलेले असेल, तेव्हा थंडीची लाट म्हणतो. शिवाय मागच्या रविवारी काय छापले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, याची दोन ओळींची नोंद दर आठवड्याला द्यावी.

पल्ला दिल्यास वाचक गोंधळतील, असा आक्षेप येईल. पावसाच्या शक्यतेची टक्केवारी रोज मोबाइलवर पाहणाऱ्या वाचकाला इतके भोळे समजण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रातील हवामान अंदाजाची परंपराही काही आजची नाही. ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांचा अंदाज १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘द टाइम्स’मध्ये छापून आला, तेव्हापासून त्यांचा आग्रह होता की ही भविष्यवाणी नव्हे, शास्त्रीय आकडेमोडीतून बनलेले मत आहे. लोकांनी मात्र ती भविष्यवाणीच मानली आणि अंदाज चुकला की त्यांची टिंगल केली.

जागेची अडचण असल्यास निदान शेवटच्या तीन दिवसांचे आकडे फिकट टंकात छापावेत. त्यासाठी एक ओळही वाढवावी लागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक