महिला परिषदेला दीड ओळ!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शंभरीला आलेल्या पुणेरी संस्थांवरचा कालचा लेख वाचला. मिसळवाल्यांना अर्धा रकाना, तालमीला फोटोसकट पाव पान आणि अखिल भारतीय महिला परिषदेला दीड ओळ: 'महिलांसाठी विविध उपक्रम राबवणारी संस्था'. नाव तरी बरोबर छापलंत, आभारी आहे.

जानेवारी १९२७ मध्ये परिषदेचं पहिलं अधिवेशन आपल्या फर्ग्युसन कॉलेजात भरलं. पुढाकार भारतात स्थायिक झालेल्या आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांचा, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. विषय शिक्षणाचा. पण बाराव्या-तेराव्या वर्षी मुलगी बोहल्यावर चढणार असेल तर शाळेत बसणार कोण? त्यामुळे बालविवाहाचा प्रश्न निघालाच आणि १९२९ च्या, बालविवाहाला बंदी घालणाऱ्या सारडा कायद्यासाठी या बायकांनी जोर लावला. दिल्लीचं मुलींचं लेडी आयर्विन कॉलेज १९३२ साली निघालं, तेही यांच्याच खटपटीतून. हे सगळं 'विविध उपक्रमां'त आलं म्हणायचं!

माझा राग तसा जुनाच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही शेजारणींनी घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग काढायचं ठरवलं. जवळच्या एका संस्थेचा हॉल रिकामाच असे, तो मागायला गेलो. कार्यवाह म्हणाले, "वर्ग म्हणजे रोजचं लाइटबिल आलं. आणि या वयात शिकून त्या करणार काय?" वर त्यांनीच सुचवलं, "हळदीकुंकू असेल तर सांगा. हॉल फुकट देऊ, खुर्च्यासुद्धा." शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर सरकवून सतरंजी अंथरली. त्यातली एक बाई बँकेत पैसे काढायला गेली, तर कॅशियरने न बघताच शाईचं पॅड पुढे सरकवलं. तिने ते परत ढकललं आणि पेन मागितलं. याची बातमी अर्थातच कुठे आली नाही. ते कार्यवाह मात्र हल्ली महिलादिनाला स्त्रीशिक्षणावर बोलतात आणि तुम्ही ते भाषण तीन रकान्यांत छापता, शालश्रीफळाच्या फोटोसह.

परिषदेची शंभरी जानेवारी २०२७ ची. तेव्हा तरी कुणाला तरी ग्रंथालयात पाठवा आणि नीट लिहून घ्या. मिसळ कुठे पळून जात नाही.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं तुम्ही हल्ली पुढच्या आठवड्यात छापतच नाही. उभे शब्द सात आणि अकरा आमच्याकडे अजून रिकामे आहेत.

कळावे,
एक जुनी वाचक, सदाशिव पेठ, पुणे