समुपदेशन कक्षाची वेळ आणि भाषा बदला

संपादक महोदय,

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. त्यामुळे नेमणुका होतील, दारावर पाटीही लागेल. पण त्या दारात उभी राहणारी मुलगी अथणीकडची कन्नड बोलणारी असेल, मुलगा चंदगडच्या वाडीवरचा असेल. आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या बिहारी, ओडिया कामगाराला तर असे दारच नाही. बाहेरगावाहून आलेल्या मुलाची आधी राहण्याखाण्याची सोय लागते, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे बोर्डिंगे उभी केली. त्या कोल्हापूरने या कामात मागे राहू नये, म्हणून हे पत्र.

‘मला नैराश्य आलंय’ असे म्हणत फारसे कुणी येत नाही. डोकं जड होतंय, छातीत धडधडतंय, जेवण जात नाही, अशीच सुरुवात असते. हिंदी भाषक कामगार ‘घबराहट’ म्हणतो, ‘गैस सिर में चढ़ती है’ म्हणतो. या तक्रारी खोट्या धरू नयेत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आधी तपासून घ्यावा. भट्टीजवळ काम करणाऱ्याला चक्कर नुसत्या पाणी कमी पडण्यानेही येते. मग विचारावे: हे कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते? घरच्यांना काय वाटते? आतापर्यंत कुठे कुठे दाखवले? यात देवऋषीचे नाव आले तर कपाळाला आठी नको, नाहीतर पुढच्या वेळी तो ते लपवील. जोतिबाचे खेटे चालू राहू देत, गोळी मात्र थांबवू नका, एवढे सांगितले की पुरते.

पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखण्याची नऊ प्रश्नांची चाचणी सगळीकडे वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७; दहा किंवा त्याहून अधिक झाले की नीट तपासणी हवी. पण झोप, थकवा आणि भूक या तीनच प्रश्नांत नऊ गुण होऊ शकतात, आणि रात्रपाळीच्या कामगाराचे ते सहज होतात. म्हणून पहिले दोन प्रश्न, रस गेला आहे का आणि मन उदास आहे का, वेगळे पाहावेत. महाविद्यालयांत याहून गंभीर चूक होते. वर्गात फॉर्म वाटतात, गोळा करतात आणि गठ्ठा कपाटात जातो. नववा प्रश्न जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल, तर त्या विद्यार्थ्याशी त्याच दिवशी बोलले पाहिजे. एवढे मनुष्यबळ नसेल, तर फॉर्म वाटूच नयेत.

दुभाषा म्हणून मुकादम किंवा ठेकेदार कधीच नको. ज्याच्या हातात पगार आहे, त्याच्यासमोर कोण मनातले बोलेल? रूममेटही नको; वसतिगृहात संध्याकाळपर्यंत बातमी पसरते. दुभाष्याने थोडे बाजूला बसावे, एकेक वाक्य ‘तो म्हणतो’ असे न करता ‘मी’ असेच सांगावे, आपल्या पदरचा सल्ला घालू नये. समुपदेशकाने बघायचे ते समोरच्या माणसाकडे. पाऊण तासाच्या बैठकीला असा दीड तास लागतो, तो आधीच धरावा. दुभाषा मिळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे: मोफत, चोवीस तास, हिंदी, ओडिया, बंगाली, कन्नडमध्येही. नुसता नंबर लिहून देऊ नये, पहिला फोन शेजारी बसून लावून द्यावा.

औषधांचे वेळापत्रकही बिघडते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. हे आधी सांगितले नाही की गोळी बंद. छठला, होळीला कामगार महिनाभर गावी जातो, गोळ्या संपतात आणि एकदम थांबल्याने चक्कर, चिडचिड सुरू होते. डॉक्टरांनी गावी जायची तारीख विचारावी, परत येईपर्यंतच्या गोळ्या द्याव्यात आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहावे.

घरच्यांना कळवण्याआधी ‘कुणाला सांगितलेलं चालेल?’ हे विद्यार्थ्याला विचारावे. बऱ्याचदा वडिलांऐवजी मामा किंवा थोरल्या बहिणीचे नाव येते. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असेल तर ती पाळता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे.

प्राचार्यांच्या केबिनशेजारी, बाहेर नाव लिहायची वही ठेवलेल्या खोलीत कुणी येत नाही. कक्ष ग्रंथालयाच्या बाजूला हलवा आणि तासिका संपल्यावर, संध्याकाळी सहा ते आठ उघडा ठेवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने शिरोली आणि गोकुळ शिरगावात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हिंदी-ओडिया दुभाष्यासह बाह्यरुग्ण तपासणी ठेवावी. जागा आणि दुभाष्याचे मानधन कारखानदारांच्या संघटनांना सहज देता येईल.

– एक मानसशास्त्रीय समुपदेशक, कोल्हापूर