होडी घेतली, आई-बाबा

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबा गप्प बसले असते, म्हणून लिहिते आहे. पर्वरीच्या फ्लॅटसाठी ठेवलेल्या पैशांतून मी शिडाची होडी घेतली. जुनी, ३२ फुटी. पैसे दिले, कागद माझ्या नावावर झाले. सध्या ती मांडवीकाठी एका यार्डात जमिनीवर उभी आहे. तुम्हाला कळवल्याशिवाय ती पाण्यात उतरवायची नाही, एवढं मनाशी पक्कं होतं.

हे वाचताना तुम्हाला आधी आजोबांचा मचवा आठवेल आणि मग फयान वादळाची रात्र. मलाही तेच आठवतं. बाबा, तुम्ही पहाटे बंदरावरून परत आलात आणि कुणाशी न बोलता विहिरीवर गेलात, ते मी खिडकीतून बघत होते. म्हणूनच नोव्हेंबरात नाही, डिसेंबरातही नाही, मी निघणार जानेवारीत. आपल्या बाजूची वादळं पावसाळ्याच्या तोंडाशी नाहीतर पाऊस सरल्यावर येतात. मधले तीन-चार महिने दर्या त्यातल्या त्यात शांत असतो.

होडी ‘कॉन्टेसा ३२’ जातीची आहे. १९७० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये अशा शेकड्यांनी बांधल्या गेल्या. वजन चार टनांच्या वर, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं अगदी तळाशी, त्यामुळे आडवी पडली तरी उठून उभी राहते. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत मोठं वादळ झालं, तेव्हा सर्वांत लहान होड्यांच्या गटातून एकच होडी शेवटपर्यंत पोचली, ती याच जातीची. बाबा, तुम्ही इंटरनेटवर शोधाल आणि त्या शर्यतीचं बरंच वाईटही वाचाल. ते सगळं वाचूनच मी ही निवडली.

मोठी का नाही घेतली, असं दादा विचारेलच. मोठ्या होडीच्या शिडात वारा भरला की दोर नुसत्या हाताने आवरत नाही, यंत्र लागतं, आणि ते भर समुद्रात बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? हिचं मोठं शीड मी एकटी उतरवू शकते, तेवढ्यासाठीच लहान हवी होती. जगाला न थांबता पहिली एकट्याची फेरी ज्या होडीने मारली, ती ‘सुहेली’ही ३२ फुटीच होती, आणि आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. शिवाय नव्या होडीच्या पैशांत ही घेऊन, दुरुस्त करून, वर गाठीला पैसे उरतात. फ्लॅट पुढे होईल. तुमच्या औषधपाण्याच्या पैशांना मी हात लावलेला नाही, हे नीट वाचा.

तपासायला आलेल्या सर्व्हेअरने सगळं डेक लहान हातोडीने वाजवून बघितलं, बाबा फणस वाजवून बघतात तसं. आतलं लाकूड कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. हिचा खणखणीत आला. डोलकाठीला धरणाऱ्या तारा मात्र जुन्या निघाल्या. त्या सगळ्या नव्या घालणार, तेवढी किंमत कमी करून घेतली. तळाला बारीक फोड आहेत. ते खरवडून, पाऊस संपल्यावर पुरते वाळवून मगच वर लेप द्यायचा. या कामात घाई करणार नाही.

आई, आता तुझे प्रश्न. शेगडी दोन बर्नरची आहे आणि टांगलेली आहे, होडी कलली तरी ती सरळ राहते, पेज सांडत नाही. झोपायच्या फळीला कापडाची आड आहे, रात्री पडणार नाही. संडासाला दार आहे. समुद्रात डास नसतात. पहिल्या वर्षी ऑफिसातली मैत्रीण बरोबर आहे, रात्री एक जागी, एक झोपलेली, आणि डेकवर येताना दोघींच्या कमरेला कायम पट्टा.

आधी किनाऱ्याने कोचीपर्यंत, मग जमलं तर मालदीव. कोचीपासून ते ४०० सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे चार दिवस. तेवढे दिवस माझा फोन लागणार नाही. उपग्रहाचा फोन आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. संकटात उपग्रहाला हाक देणारं यंत्र मात्र होडीवर आहे. निघताना पोचायची तारीख कळवीन, त्यात दोन दिवस जास्त धरा. त्यानंतरही निरोप नाही आला तर कोस्ट गार्डचा नंबर १५५४, कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याआधी शेजारच्यांना सांगत बसू नका. एप्रिलात होडी कोचीच्या मरिनात बांधून रेल्वेने कणकवलीला येते, आंब्याच्या शेवटच्या पेट्या माझ्याच हातून जातील.

बाबा, माडाच्या पोयीची होडी करून तुम्ही व्हाळात सोडायचात आणि ती अडली की स्वतः गुडघाभर पाण्यात उतरायचात. मी काठावरून ओरडायचे, ‘हात लावू नका, तिची ती जाईल.’ तेव्हाही तुम्ही ऐकायचा नाहीत.

तर आता माझं ऐका. डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी करून टाका, मी चार दिवस रजा काढून येते. संध्याकाळनंतर स्कूटर नको. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून थांबवायची नाही. आई, विहिरीवरचं पाणी ओढणं आता बंद, पंप कशाला बसवलाय? आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला सुताराला मी सांगितलंय, तो रविवारी येईल, त्याला परत पाठवू नकोस.

दिवाळीला आल्यावर तुम्हा दोघांना होडी दाखवायला गोव्याला नेणार आहे. शिडी उंच आहे, पण मी खालून धरीन. येताना कुळथाचं पीठ आणि आगळाच्या दोन बाटल्या घे, आई. रागावला असाल तर तेव्हा समोर रागवा.

तुमची,
बाय