माळ एकच, भाषा कितीतरी

संपादक साहेब,
ऑक्टोबर म्हणजे आम्हा कॅथलिकांचा रोझरीचा, म्हणजे मारियामाऊलीच्या जपमाळेचा महिना, ठाण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये रोज एकेकाच्या घरी जमतो. मंगळुरी आंटी कोंकणीत, केरळवाले मल्याळममध्ये, आम्ही मराठीत नमो मारिया म्हणतो पण दहा मण्यांचा हिशोब कोणाचा चुकत नाही. दुबईला असलेला भाचा तर तिकडे फिलिपिनो लोकांसोबत हीच माळ जपतो. मेक्सिकोत ग्वादालुपेची माऊली सावळी, वेळांकण्णीला साडीत, १९१७ ला पोर्तुगालात फातिमा गावात तीन पोरांना दिसली तीही तीच, आणि बांद्र्याला कोळी तिला मोत मावली म्हणतात! राजकारणावर आमचं जमत नाही, इथे जमतं. फक्त शेवटचं गाणं कुठल्या भाषेत यावर दरवर्षी भांडण ठरलेलंच, चहा येईपर्यंत चालतं.
– एक वाचक, ठाणे