माझ्या पाठीच्या कण्याला कोणीही हात लावणार नाही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईचा आवाज भरून आला आणि आजारी दादाला माझी मज्जा देण्याबद्दल मला सांगायचे होते ते अर्धेच राहिले, म्हणून हे पत्र. बाबांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवावे आणि नंतर हरिपूरच्या आत्यालाही द्यावे, कारण "पोरीच्या पाठीच्या कण्यातून मज्जा काढणार, ती जन्माची अधू होणार" ही भीती तिच्याच बोलण्यातून आपल्या घरात शिरली आहे.

आत्याचा यात दोष नाही. आपल्या भाषेत दोन अगदी वेगळ्या गोष्टींच्या नावांत 'मज्जा' हा एकच शब्द आला आहे. मज्जारज्जू कण्याच्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरतो आणि त्याला इजा झाली तर माणूस खरोखरच अधू होतो. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या आतला मऊ, रक्ताळलेला गर. त्यातल्या मूळ पेशींपासून, ज्यांना डॉक्टर स्टेम सेल म्हणतात, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होत असतात. दादाचा हा गरच आटला आहे आणि त्याच्या जागी चरबी भरली आहे. त्याचा हा आजार, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, कर्करोग नव्हे, हे शेजारीपाजारी विचारतील तेव्हा कृपा करून ठामपणे सांगावे.

माझ्याकडून घेणार आहेत ती अस्थिमज्जा. मला पूर्ण भूल देऊन, पालथे निजवून, कमरेच्या मागच्या बाजूच्या रुंद हाडातून सुईने ती थोडी थोडी ओढून घेतील. दादाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 10 ते 20 मिलिलिटर लागते. आकडा मोठा वाटेल, पण त्यात बराचसा भाग रक्ताचाच असतो आणि दिलेली मज्जा शरीर चार ते सहा आठवड्यांत पुन्हा तयार करते. आठवडाभर कंबर दुखेल, थकवा येईल. भुलीचा थोडा धोका कोणत्याही शस्त्रक्रियेत असतो तसा इथेही आहे, तो मी तुमच्यापासून लपवत नाही. त्यासाठीच माझ्या हृदयाच्या आणि रक्ताच्या तपासण्या आधी झाल्या आहेत. चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन हाताच्या शिरेतून, यंत्राच्या साहाय्याने, या पेशी गोळा करण्याची दुसरी पद्धतही आहे. मात्र तिच्यात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका अधिक असतो, म्हणून दादाच्या आजारात डॉक्टरांनी हाडातली मज्जाच पसंत केली.

"आमच्यापैकी कोणाची का नाही," असे बाबांनी विचारले होते. दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. या खुणा प्रत्येक मुलाला आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच अशा मिळतात. त्यामुळे आई-वडील मुलाशी निम्मेच जुळतात, तर सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तो चारातला एक माझ्या वाट्याला आला. तपासणीचा कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात बराच वेळ रडले, आणि ते दुःखाने नव्हते.

बाबांनी याला प्रयोगही म्हटले. अमेरिकेतल्या डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी या उपचारावरचे पहिले काम 1957 साली प्रसिद्ध केले, त्याबद्दल त्यांना 1990 साली नोबेल मिळाले, आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयात पहिले प्रत्यारोपण 1983 साली झाले. तेव्हा दादाचा जन्मही झाला नव्हता.

आई, तू जे बोलली नाहीस तेही मला कळले. मला अजून मूल झालेले नाही आणि यानंतर होईल का, हीच तुझी काळजी आहे ना? मज्जा दिल्याने गर्भाशयाला किंवा पुढच्या बाळंतपणाला कोणतीही बाधा येत नाही. उलट, गरोदरपणात स्त्रीच्या रक्तात काही संरक्षक बदल होतात, जे पुढे रुग्णाला त्रासदायक ठरू शकतात; त्यामुळे बहीण भावाला मज्जा देते तेव्हा तिला मूल झालेले नसणे अनुकूलच मानतात. ज्या गोष्टीसाठी गेली चार वर्षे तू उपास करते आहेस, तिचे नसणेच आज दादाच्या उपयोगी पडत आहे.

एक विनंती कळकळीने करते. काका आणि चुलतभाऊ दादासाठी स्वतः रक्त द्यायला उभे आहेत, त्यांचे प्रेम मी जाणते. पण प्रत्यारोपणाआधी रक्ताच्या नात्यातल्या माणसांचे रक्त रुग्णाला चढवू नये, नाहीतर त्याचे शरीर त्या खुणा ओळखून माझी मज्जाही नाकारू शकते. त्यांनी रक्तपेढीत इतरांसाठी अवश्य द्यावे.

प्रत्यारोपणाच्या दिवशी मज्जा रक्ताच्या पिशवीसारखीच दादाच्या शिरेतून चढवतील, आणि पेशी आपल्या आपण हाडांत पोचतील. ती रुजायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तोवर साधी बुरशीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून येताना बागेतली द्राक्षे, घरची कच्ची हळद आणि लोणचे आणू नये, आणि त्याच्या खोलीत आईलासुद्धा कदाचित काचेपलीकडूनच पाहावे लागेल. पुढे त्याचा रक्तगट बदलून माझा होईल आणि लहानपणीच्या लसी पुन्हा टोचाव्या लागतील.

कोयना एक्स्प्रेसने यावे, मी यांना तुम्हाला घ्यायला स्टेशनवर यायला सांगितले आहे. बाबांच्या साखरेच्या गोळ्या विसरू नयेत. आईने शिवलेली गोधडी दादाच्या खोलीत नेता येणार नाही, तरी ती आणावी; त्या रात्री मी साध्या वॉर्डात असेन.

तुमची लेक